स्वप्न आणि शाळा

[बंगालमधील लेखिका व शिक्षणकार्यकर्त्या बेगम रुकय्या सखावत हुसैन (1880–1932) यांच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे. त्यांनी लिहिलेली एक विज्ञानकथा, त्यांनी काढलेली मुलींची शाळा आणि लेखन, श्रम व समाजकार्य यांविषयीचे त्यांचे विचार पाठात आले आहेत.]



एप्रिल-मे महिन्यात आपल्या किनाऱ्यावरून एकदा फेरफटका मारा. मुरूड असो, दिघी असो की श्रीवर्धन, सगळीकडे ऊन कसे रखरखत असते! कोळीवाड्यात दोऱ्यांवर बोंबील वाळत असतात. घरोघरच्या अंगणात कोकमाची सोले, आंबोशी आणि पापड पसरलेले असतात. त्याच दिवसांत विहिरींचे पाणी तळाला जाते आणि आपल्या आया-बहिणी हंडे घेऊन लांबवर चालत जातात. पुढे जून महिना उजाडतो आणि आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो. ते सगळे पाणी ओढ्यांतून, खाड्यांतून वाहत समुद्राला मिळते. ऊनही भरपूर आणि पाणीही भरपूर. पण दोन्ही साठवता येत नाही, म्हणून आपण वर्षभर कष्ट उपसतो.

हे ऊन आणि हे ढगातले पाणी माणसाला पकडून ठेवता आले तर? हा प्रश्न 1905 साली एका भारतीय मुस्लिम स्त्रीने आपल्या कथेत सोडवून दाखवला होता. त्या वेळी विमानाचे पहिले उड्डाण होऊन दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. आपल्या देशातील बहुतेक गावांनी विजेचा दिवा पाहिला नव्हता. ती कथा लिहिणारी स्त्री एक दिवसही शाळेत गेली नव्हती. तिचे नाव बेगम रुकय्या सखावत हुसैन. बंगाली लोक तिला रोकेया म्हणतात. नाव एकच, उच्चार मात्र भाषेप्रमाणे बदलला. आज आपण तिची गोष्ट वाचणार आहोत.

रुकय्यांचा जन्म 1880 साली रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद या गावी झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. वडील मोठे जमीनदार होते. त्यांना अनेक भाषा येत होत्या. मुलांच्या शिक्षणासाठी ते सढळ हाताने खर्च करीत. रुकय्यांचे दोन्ही थोरले भाऊ कलकत्त्याच्या नामवंत महाविद्यालयात शिकले. मुलींच्या बाबतीत मात्र घराचा कायदा वेगळा होता. त्यांनी कुराणशरीफचे पठण शिकावे, थोडी उर्दू-फारसी शिकावी आणि तेथेच थांबावे, अशी रीत होती. बंगाली आणि इंग्रजी या भाषा मुलींसाठी बंद होत्या.

या गोष्टीकडे तुम्ही नीट लक्ष द्या. रुकय्यांच्या घरात उर्दू बोलली जाई. घराबाहेर शेतकरी, नावाडी, बाजारातले दुकानदार सारे बंगाली बोलत. म्हणजे उंबरठ्याच्या आत एक भाषा आणि उंबरठ्याबाहेर दुसरी. तुमच्यापैकी अनेकांचे असेच नाही का? घरी तुम्ही आपली कोकणी बोली बोलता, शाळेत उर्दूतून शिकता आणि एस.टी.त, बाजारात, तलाठ्याच्या कचेरीत तुम्हांला मराठी लागते. मराठीच्या तासाला कधीकधी तुम्हांला कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे. शेजाऱ्याची भाषा शिकण्यासाठी या मुलीने काय काय केले, ते आता पाहा.

रुकय्यांची थोरली बहीण करीमुन्निसा. तिला बंगाली पुस्तकांची फार गोडी होती. ती चोरून वाचायची. हे नातेवाइकांच्या ध्यानात आले, तशी कुजबुज सुरू झाली. तिचे वाचन बंद करण्यात आले आणि लहान वयातच तिचे लग्न लावून दिले गेले. पण करीमुन्निसांनी जिद्द सोडली नाही. त्या पुढेही शिकत राहिल्या आणि धाकट्या बहिणीला त्यांनी बंगालीची गोडी लावली. इंग्रजी शिकवली ती थोरले भाऊ इब्राहीम यांनी. रात्री घरातील मोठी माणसे झोपी गेली, की भाऊ-बहीण मेणबत्ती लावून बसत. मेणबत्तीच्या उजेडात इब्राहीम धाकट्या बहिणीला इंग्रजी अक्षरे दाखवीत, शब्द वाचून घेत. पहाटे उठल्यावर मात्र काहीच घडले नाही, असे दाखवावे लागे.

भावाचे हे उपकार रुकय्या जन्मभर विसरल्या नाहीत. पुढे त्यांनी पद्मराग नावाची कादंबरी लिहिली, ती या भावाला अर्पण केली. आपल्या निबंधांच्या पुस्तकाचा दुसरा भाग त्यांनी बहिणीला अर्पण केला. मुलांनो, हे खास तुमच्यासाठी सांगतो. घरातल्या एका भावाने पुस्तक बहिणीपुढे सरकवले, म्हणून एक लेखिका घडली.

त्या काळी त्या घरात पडद्याची रीत फार कडक होती. पाच वर्षांच्या मुलीलाही बाहेरून आलेल्या स्त्रियांसमोर येण्याची परवानगी नव्हती. परपुरुषांची गोष्ट तर दूरच राहिली! घरी पाहुण्या बायका आल्या, की लहानगी रुकय्या कधी कोठीत, कधी पलंगाखाली, कधी माळ्यावर लपून बसायची. एकदा तर तिला काही दिवस असेच लपून काढावे लागले. भूक-तहान लागली तरी कुणाला हाक मारता येत नव्हती. हे दिवस त्यांनी पुढे आपल्या लेखनात जसेच्या तसे सांगितले; आणि सांगताना रडण्याऐवजी वाचकाला हसवले. हसता हसता वाचक अंतर्मुख व्हावा, अशीच त्यांची लिहिण्याची पद्धत होती.

1898 च्या सुमारास रुकय्यांचे लग्न भागलपूरचे सय्यद सखावत हुसैन यांच्याशी झाले. ते सरकारी अधिकारी होते, वयाने बरेच मोठे होते आणि त्यांचे हे दुसरे लग्न होते. त्यांची भाषा उर्दू. शिक्षणासाठी ते इंग्लंडला जाऊन आले होते. मनाने ते उदार होते. पत्नीला वाचनाची आवड आहे हे पाहून त्यांना आनंदच झाला. त्यांनी रुकय्यांना इंग्रजीचा सराव करायला लावला आणि बंगालीत लिहिण्यास उत्तेजन दिले. 1902 पासून रुकय्यांचे लेख बंगाली मासिकांत छापून येऊ लागले.

आता त्या प्रसिद्ध कथेकडे वळू. एकदा सखावतसाहेब सरकारी कामानिमित्त दौऱ्यावर गेले होते. घरात रुकय्या एकट्याच होत्या. वेळ घालवावा आणि आपल्या इंग्रजीची परीक्षाही व्हावी, म्हणून त्यांनी इंग्रजीत एक कथा लिहिली. साहेब परत आले, त्यांनी कागद हातात घेतले आणि उभ्या उभ्याच संपूर्ण कथा वाचून काढली. बायकोने पुरुषांवर चांगलाच सूड उगवला आहे, असे म्हणून ते खूश झाले. पुढे ती कथा मद्रासहून निघणाऱ्या स्त्रियांच्या एका इंग्रजी मासिकात 1905 साली छापली गेली. कमला सत्यनाथन या त्या मासिकाच्या संपादिका होत्या. 1908 साली ती पुस्तकरूपाने निघाली. कथेचे नाव ‘सुलतानाचे स्वप्न’.

कथा अशी आहे. सुलताना नावाची एक स्त्री रात्री आपल्या खोलीत आरामखुर्चीत बसून हिंदुस्थानातील स्त्रियांच्या स्थितीचा विचार करीत असते. विचार करता करता तिचा डोळा लागतो. तेवढ्यात सारा नावाची मैत्रीण येते आणि तिला फिरायला बाहेर नेते. बाहेर पाहते तो सकाळ झालेली! रस्त्यावर सगळीकडे स्त्रियाच स्त्रिया. एकही पुरुष दिसत नाही. सुलताना बुरख्याशिवाय बाहेर पडल्यामुळे लाजते. तेव्हा तिला कळते, की या देशात पुरुष घरात राहतात. आपल्याकडे जसा जनाना, तसा तेथे मर्दाना. पुरुष घरात स्वयंपाकपाणी आणि मुले सांभाळतात. राज्य, शेती, विज्ञान ही कामे स्त्रिया करतात.

त्या देशात रस्त्यांवर हिरवळ आहे. चिखल नाही, डास नाहीत. स्वयंपाकघरात धूर नाही, कोळसा नाही; कारण स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो. माणसे विजेवर चालणाऱ्या लहानशा हवाई गाडीत बसून उडत जातात. कामाचा दिवस दोनच तासांचा आहे. आपल्याकडच्या कचेऱ्यांत पुरुषांचा बराचसा वेळ चिरूट ओढण्यात आणि गप्पांत जातो, तसा तेथे जात नाही. म्हणून दोन तासांत काम उरकते!

हे सारे कसे घडले? तेथील राणीने हुकूम काढला, की राज्यातील प्रत्येक मुलगी शिकली पाहिजे आणि एकवीस वर्षांच्या आत कोणत्याही मुलीचे लग्न होता कामा नये. मुलींसाठी दोन विद्यापीठे निघाली. एका विद्यापीठाने ढगांच्याही वर पोहोचणारा एक प्रचंड फुगा तयार केला. त्याला नळ्या जोडल्या आणि ढगांतले पाणी हवे तेव्हा, हवे तेवढे खाली आणले. दुसऱ्या विद्यापीठाने सूर्याची उष्णता साठवण्याचे यंत्र शोधून काढले. पुरुष तेव्हा तोफा आणि सैन्य वाढवण्यात गुंतले होते. त्यांनी या संशोधनाची थट्टा केली. पुढे शेजारच्या राजाने स्वारी केली. सैन्य हरले. राजधानी पडणार अशी वेळ आली. तेव्हा विद्यापीठाच्या प्रमुख बाई आपल्या दोन हजार विद्यार्थिनींना घेऊन रणांगणावर गेल्या आणि साठवलेल्या सूर्यकिरणांचा झोत त्यांनी शत्रूवर सोडला. शत्रू होरपळून पळाला. त्या दिवसापासून देशाचा कारभार स्त्रियांच्या हाती आला.

शेवटी हवाई गाडीतून उतरताना सुलतानाचा पाय घसरतो आणि ती जागी होते. पाहते तो ती आपल्याच खोलीत, आपल्याच आरामखुर्चीत!

मी ही कथा वर्गात सांगतो, तेव्हा मुली खुदकन हसतात आणि मुलगे कुरकुर करतात. पुरुषांना घरात कोंडणे हा काय न्याय झाला, असे ते विचारतात. प्रश्न अगदी बरोबर आहे. पण मग त्यांना मी उलट विचारतो, की हा अन्याय तुम्हांला एका क्षणात कळला. मग तोच अन्याय खरोखरीच्या जगात स्त्रियांच्या वाट्याला आला, तेव्हा तो कुणाला का दिसला नाही? रुकय्यांना पुरुषांना कोंडायचे नव्हते. त्यांनी फक्त आरसा उलटा धरला. विज्ञानकथा लिहिणारा लेखक जग आहे तसे न दाखवता बदलून दाखवतो. त्यामुळे रोजच्या सवयीची गोष्टही आपल्याला नवी दिसते आणि आपण विचार करू लागतो. कलेचे खरे काम हेच आहे, असे रुकय्यांचे लेखन वाचताना जाणवते. त्यांनी शोभेसाठी कधी लेखणी उचलली नाही.

त्यांच्या दुसऱ्या लेखांतही हेच दिसते. एका निबंधात त्यांनी समाजाची तुलना गाडीशी केली आहे. गाडीचे एक चाक मोठे आणि दुसरे लहान असेल, तर गाडी पुढे जात नाही. ती एकाच जागी गोल गोल फिरत राहते. दुसऱ्या एका लेखात त्यांनी दागिन्यांना बेड्यांची उपमा दिली. कैद्याच्या बेड्या लोखंडाच्या आणि आपल्या सोन्याच्या, एवढाच काय तो फरक! हे वाचून पुष्कळ लोक रागावले. पण त्यांनी लिहिणे थांबवले नाही.

मित्रांनो, कथेत स्वप्न संपल्यावर सुलताना जागी झाली. रुकय्यांचे स्वतःचे जागे होणे मात्र फार कठीण होते. त्यांच्या दोन मुली तान्ह्या असतानाच दगावल्या. पतीला मधुमेह जडला आणि त्यांची दृष्टी गेली. रुकय्यांनी त्यांची मनापासून सेवा केली. 3 मे 1909 रोजी सखावतसाहेबांचे निधन झाले. त्या वेळी रुकय्यांचे वय तिशीच्याही आत होते. मरण्यापूर्वी पतीने मुलींच्या शाळेसाठी दहा हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती.

पतीच्या निधनानंतर पाच महिन्यांतच, 1 ऑक्टोबर 1909 रोजी, रुकय्यांनी भागलपूरला पाच मुलींची शाळा सुरू केली. पण मालमत्तेवरून सासरी तंटा झाला आणि त्यांना ते शहर सोडावे लागले. दुसरी एखादी बाई असती तर खचून गेली असती. रुकय्या कलकत्त्याला आल्या. 16 मार्च 1911 रोजी वलीउल्ला लेनमधल्या एका भाड्याच्या घरात त्यांनी पुन्हा शाळा उघडली. या वेळी मुली होत्या आठ. शाळेला पतीचे नाव दिले. ती ‘सखावत मेमोरियल’ मुलींची शाळा.

विचार करा. ज्या बाईने कथेत मुलींची दोन विद्यापीठे उभारली, तिला प्रत्यक्षात आठ मुली गोळा करतानाही दारोदार फिरावे लागले. शाळा कशी चालवतात, हेही त्यांना ठाऊक नव्हते. कारण त्या स्वतः शाळेत गेल्याच नव्हत्या. म्हणून त्या शहरातील हिंदू आणि ब्राह्मो समाजाच्या मुलींच्या शाळांत जाऊन बसत. वर्ग कसा लावतात, हजेरी कशी घेतात, वेळापत्रक कसे आखतात, हे सारे त्यांनी पाहून पाहून शिकून घेतले. मोठ्या वयात विद्यार्थी होण्याची त्यांना लाज वाटली नाही.

अडचणी एकामागून एक येतच होत्या. शाळेचे पैसे ज्या बँकेत ठेवले होते, ती बँक बुडाली. पडदा सांभाळून मुलींना शाळेत आणायचे, म्हणजे गाडी हवी. शाळेसाठी एक मोटार आली. ती चारी बाजूंनी इतकी बंद होती, की आत हवाही शिरत नव्हती. उकाड्याने आणि अंधाराने लहान मुली घाबरल्या, काहींना उलट्या झाल्या, काही बेशुद्ध पडल्या. आई-बाप तक्रार करू लागले. तेव्हा रुकय्यांनी खिडक्या थोड्या उघडून त्यांवर पडदे लावले. गाडी चालू लागली, की पडदे वाऱ्याने हलत. झाले! लगेच निनावी पत्रे येऊ लागली, की ही गाडी बेपर्दा आहे, ती बंद करा, नाही तर वर्तमानपत्रांत बदनामी करू. बंद ठेवावे तर मुलींचा जीव जातो आणि उघडावे तर लोकांची जीभ चालते. या दोहोंच्या मधून वाट काढत रुकय्यांनी शाळा चालवली.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. रुकय्या स्वतः पडदा पाळत. डोके झाकल्याशिवाय त्या लोकांसमोर जात नसत. कपड्याशी त्यांचे भांडण नव्हते. ज्या कोंडवाड्यामुळे स्त्रीला हवा मिळत नाही, औषध मिळत नाही, अक्षर मिळत नाही, त्या कोंडवाड्याशी त्यांचे भांडण होते. इल्म मिळवणे हे पुरुषांप्रमाणे स्त्रियांचेही कर्तव्य आहे, हे आपल्या धर्मानेच सांगितले आहे, याची त्या लोकांना वारंवार आठवण करून देत. 1931 साली त्यांनी या कोंडवाड्याविषयी एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात घडलेले प्रसंग सांगितले आहेत. बुरख्यात अडखळून रेल्वेच्या रुळांवर पडलेल्या एका स्त्रीला तिच्या दासीने कुणाही पुरुषाला हात लावू दिला नाही आणि शेवटी ती स्त्री गाडीखाली सापडली, असा एक प्रसंग त्यात आहे. तो वाचून अंगावर काटा येतो.

शाळेत काय शिकवले जाई? कुराणशरीफ अर्थासह, उर्दू, फारसी, इंग्रजी आणि बंगाली. त्याशिवाय शिवणकाम, स्वयंपाक, आजाऱ्याची शुश्रूषा, प्रथमोपचार आणि व्यायामसुद्धा. शाळा सुरुवातीला उर्दू माध्यमाची होती, अगदी आपल्या शाळेसारखी. पण मुलींना आपल्या प्रांताची भाषा आलीच पाहिजे, असा रुकय्यांचा आग्रह होता. पालक राजी होईनात. बंगालीच्या वर्गाला मुलीच मिळेनात. तरी अनेक वर्षे त्या या गोष्टीचा पाठपुरावा करीत राहिल्या. उर्दू सोडावी असे त्यांचे म्हणणे नव्हते. उर्दू तर त्यांच्या घरची भाषा होती. पण ज्या मातीत आपण राहतो, त्या मातीची भाषा न येणारा माणूस आपल्याच गावात परका होतो, हे त्यांनी ओळखले होते. आठ मुलींची ती शाळा वाढत वाढत 1930 नंतर हायस्कूल झाली. कलकत्त्यात ती शाळा आजही चालू आहे.

शाळेबाहेरही त्यांचे काम होते. 1916 साली त्यांनी ‘अंजुमन-ए-ख़वातीन-ए-इस्लाम’ ही संस्था स्थापन केली. या संस्थेच्या स्त्रिया गरीब वस्त्यांत जात. तेथे बायकांना लिहावाचायला आणि शिवायला शिकवत, स्वच्छतेच्या सवयी सांगत. विधवांना आधार देत, गरीब मुलींच्या शिक्षणाला आणि लग्नाला मदत करीत. श्रमाविषयी रुकय्यांचे विचार स्पष्ट होते. हाताने काम करणे हलके नाही. स्त्रीने स्वतःच्या कमाईवर उभे राहिले पाहिजे, मग ती शिक्षिका होवो, परिचारिका होवो, की कचेरीत काम करो. रंगपूरकडच्या शेतकरी बायका पूर्वी घरी एंडी नावाचे रेशीम काढून कापड विणत. तो धंदा बुडाल्यावर घरात दारिद्र्य आले. तो पुन्हा सुरू व्हावा म्हणून रुकय्यांनी लेख लिहिले. पद्मराग या त्यांच्या 1924 मधील कादंबरीत एक आश्रम आहे. तेथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ब्राह्मो अशा साऱ्या स्त्रिया एकत्र राहतात. कुणी शिकवते, कुणी शिवते, कुणी रुग्णांची सेवा करते. कोणी कुणाचा धर्म विचारत नाही.

मित्रांनो, हे सारे दूर बंगालमध्ये घडले, असे समजू नका. त्याच काळात आपल्या किनाऱ्यावरही असेच वारे वाहत होते. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसून तुम्ही जंजिरा किल्ला पाहिला असेल. त्या जंजिरा संस्थानच्या नबाबांच्या बेगम नाजली रफिया या चांगल्या शिकलेल्या होत्या. 1908 साली त्यांनी युरोपचा प्रवास केला आणि त्या प्रवासाचे वर्णन उर्दूत लिहिले. त्यांच्या भगिनी अतिया फैजी 1906 साली शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी थेट लंडनला गेल्या होत्या. त्यांनीही आपली रोजनिशी उर्दूत प्रसिद्ध केली. त्याआधी अर्धे शतक पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी मुलींना शिकवण्यासाठी लोकांचे दगड-शेण सोसले होते. प्रांत वेगळे, भाषा वेगळ्या. पण वाट एकच होती.

1926 साली बंगालमधील स्त्रीशिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान रुकय्यांना मिळाला. ज्या मुलीला पलंगाखाली लपावे लागत होते, ती आता भरसभेत अध्यक्षस्थानावरून बोलली. आयुष्यभराच्या श्रमांनी त्यांची प्रकृती ढासळली होती. पण शाळेचे काम थांबले नाही. 8 डिसेंबर 1932 च्या रात्री त्या उशिरापर्यंत लिहीत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचे निधन झाले. टेबलावर एक अपुरा लेख सापडला. तो स्त्रियांच्या हक्कांविषयी होता. बांगलादेशात 9 डिसेंबर हा दिवस त्यांच्या नावाने पाळला जाऊ लागला.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्यावर येऊ. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब कोलमडले. कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती. तुमच्यापैकी काहींना ते दिवस आठवत असतील. त्यानंतर कुणाच्या छपरावर सूर्याच्या उन्हावर वीज करणारे पत्रे दिसले, की मला सुलतानाचे स्वप्न आठवते. रुकय्यांनी कागदावर पकडलेले ऊन आता खरोखरच पकडता येते. त्यांच्या स्वप्नातला विज्ञानाचा भाग बराचसा खरा झाला आहे.

दुसरा भाग मात्र अजून पुरा झालेला नाही. दर वर्षी जून महिन्यात मी पटावर नावे वाचतो आणि एखाद्या नावाला उत्तर येत नाही. मागच्या वर्षी पहिल्या बाकावर बसणारी ती मुलगी कोठे गेली, असे मी विचारतो. कुणी सांगते, पुढची शाळा खाडीपलीकडे आहे, एस.टी. वेळेवर येत नाही, म्हणून घरी बसवली. कुणी सांगते, लग्न ठरले. मी पालकांना भेटायला जातो. कधी यश येते, कधी येत नाही. यश आले नाही, की घरी परतताना मला कलकत्त्याच्या गल्लीत दारोदार फिरणाऱ्या त्या बाईंची आठवण येते आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जातो.

म्हणून तुम्हांला एवढेच सांगणे आहे. मुलींनो, हातातले पुस्तक खाली ठेवू नका. मुलांनो, घरात तुमची बहीण असेल तर इब्राहीमची मेणबत्ती आठवा. आता मेणबत्ती लपवून लावण्याची गरज नाही. दिवा लावा आणि दोघे मिळून अभ्यासाला बसा. पुढच्या जूनमध्ये मी पट वाचीन, तेव्हा प्रत्येक नावाला उत्तर आले पाहिजे.

शब्दार्थ

सढळ हाताने – उदारपणे. उंबरठा – दाराच्या चौकटीचा खालचा आडवा भाग. उत्तेजन देणे – हौसला वाढवणे. निनावी – नाव नसलेले, गुमनाम. तंटा – भांडण. शुश्रूषा – आजाऱ्याची सेवा. रोजनिशी – दररोजच्या घटनांची वही. पाठपुरावा करणे – एखादी गोष्ट पुरी होईपर्यंत मागे लागणे. पट – विद्यार्थ्यांच्या नावांची यादी.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रुकय्यांना इंग्रजी कोणी शिकवली?
(आ) कलकत्त्यातील शाळा किती मुलींनी सुरू झाली?
(इ) ‘सुलतानाचे स्वप्न’ ही कथा प्रथम कोणत्या वर्षी छापली गेली?

2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कथेतील दोन विद्यापीठांनी कोणते शोध लावले?
(आ) शाळेच्या मोटारीमुळे रुकय्यांपुढे कोणती अडचण उभी राहिली?
(इ) मुलींना प्रांताची भाषा यावी, असा आग्रह रुकय्यांनी का धरला?

3. वाक्यांत उपयोग करा.
खचून जाणे, दारोदार फिरणे, अंगावर काटा येणे, डोळा लागणे.

4. घरातील आजी, नानी किंवा आई यांना त्यांच्या शिक्षणाविषयी विचारा. त्या किती शिकल्या, का थांबल्या, हे ऐकून मराठीत दहा ओळी लिहा व वर्गात वाचून दाखवा.